मंडईनंतर बोलू

केवळरामभाऊ कधी कुणाच्या समोर बसत नसत. खुर्ची मिळाली की ती आधी उचलायची, बोलणाऱ्याच्या उजव्या खांद्याच्या जरा मागे नेऊन ठेवायची आणि मगच बूड टेकवायचं. वडशाला रजिस्ट्रीच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली माझं दस्त लिहायचं टेबल आणि त्यांची ती भटकी खुर्ची, असा आमचा बरीच वर्षं शेजार होता. पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, हा माणूस माझ्या कागदात डोकावतोय. मी तशी तोंडाची फटकळ. चार माणसांत सुनावलं. तर म्हणाले, "कागद तुमच्यापाशीच ठेवा बाई. मी मानसाच्या बाजूले बसतो. समोर बसलो का मानूस नाटक करते."

नाटकातलं त्यांना कळत होतं, कारण उन्हाळा-पावसाळा ते जमिनीचे दलाल असत आणि दिवाळी झाली की होळीपर्यंत नाटकात प्रॉम्प्टर. आमच्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गाव आपापला दिवस ठरवतं. त्या दिवशी लेकी-जावई, मामे-मावसे, सोयरीक शोधत निघालेले, रुसून बसलेले, सगळे झाडून हजर होतात. घरोघरी वडे तळले जातात आणि रात्रभर नाटक चालतं. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथून नटांच्या गाड्या सुटतात. एका हंगामात नट इतकी गावं आणि इतक्या भूमिका करतात की संवाद पाठ करायला त्यांना सवड कुठली? ते येतात, रंग लावतात, आणि विंगेतून जो आवाज येईल तो घेऊन गर्जना करतात. तो आवाज भाऊंचा. हळू, पण नेमका नटाच्या कानापर्यंत जाणारा. पहिल्या रांगेला तो ऐकू आला तर भाऊंना रात्रभर चुटपुट लागायची.

आमच्याकडे सुपारी-तंबाखूचा खर्रा न खाणारा पुरुष दाखवला तर मी त्याचा सत्कार करीन. भाऊ खात नसत. "प्रॉम्प्टरचं तोंड रिकामं पायजे," म्हणायचे. "तोंडात घास आला का दुसऱ्याचा संवाद गेला." हंगामात तर ते दिवसभर धड जेवतही नसत. गालात फार तर खडीसाखरेचा एक खडा.

या धंद्यामुळे त्यांना एक खोड लागली होती. कुणीही बोलायला लागलं की भाऊंचे ओठ त्याच्याबरोबर हलायचे. गिऱ्हाईक बोलो, साहेब बोलो, बसचा कंडक्टर बोलो. नवा माणूस बावरायचा. त्यांच्या घरी एकदा चहाला गेले तेव्हा काकूंनी तक्रारच केली, "घरी हे बोलतच नाई व बाई. मी बोलतो अन् हे ओठ हालवत बसतेत. भांडन तरी कोनासंग करू?" हे बोलणं चालू असतानाही भाऊंचे ओठ हलतच होते.

याच खोडीपायी एकदा दिलीपचा सौदा फिसकटला. हा दिलीप म्हणजे एके काळचा झाडीपट्टीचा हिरो. त्याच्या नावावर गावं बुक व्हायची. पुढं पोट सुटलं, केस गेले, तेव्हा तो नागपूरच्या पैसेवाल्यांसाठी जमिनी शोधून द्यायला लागला. सौद्याला बसला की तो नाटकातलं शुद्ध मराठी बोलायचा. खेड्यातली माणसं त्यानं दिपून जात. त्या दिवशी समोर एक म्हातारे काका होते आणि भाऊ दिलीपच्या खांद्यामागे. दिलीप हात उंचावून म्हणाला, "काका, रस्ता नाही, वीज नाही, वरून हे दिवस असे. तरीही केवळ तुमच्या शब्दाखातर मी एकरी..." आणि तो थांबला. मोठे नट थांबतात तसा, परिणामासाठी. भाऊंना वाटलं, गडी अटकला. त्यांनी हळूच पुढचं दिलं. दिलं ते त्या जमिनीचा खरा चालू भाव. आणि दिलीपनं, इतक्या हिवाळ्यांच्या सवयीनं, तो जसाच्या तसा खणखणीत आवाजात म्हणून टाकला.

"मंजूर!" काका म्हणाले.

कडुनिंबाखालच्या सगळ्या टेबलांनी ते ऐकलं होतं. दिलीपचा चेहरा पाहण्यासारखा झाला. महिनाभर तो भाऊंशी बोलला नाही. भाऊ ज्याला त्याला शपथेवर सांगत होते, "मुद्दाम नाई केलं जी. गडी अटकला, मी देल्लं." माझा त्यावर अर्धा विश्वास बसला, अर्धा अजून बसायचा आहे.

राज्यात धरसोड सुरू झाली की जमिनीचा बाजार कसा वागतो, यावर मोठ्या शहरांतली मोठी माणसं लिहीत असतील. मी तो कडुनिंबाखाली बसून पाहिला. कधी मुंबईत सरकार डळमळे, कधी जंगलात गोळी चाले, आणि दोन्ही वेळा आमच्या टेबलांवर एकच गोष्ट दिसे. खरेदीखतं बंद पडत आणि इसारचिठ्ठ्या वाढत. पुरतं विकायला कुणी तयार नाही आणि पुरतं घ्यायलाही नाही. घेणारा थोडासा इसार हातावर ठेवून जमीन अडकवून ठेवी आणि वाट बघत बसे. वारं त्याच्या बाजूनं फिरलं की हजर, विरुद्ध फिरलं की गायब. मालकाला मात्र ना दुसऱ्याला विकता येई, ना मोकळं होता येई. भाऊ म्हणायचे, "इसार म्हंजे जमिनीच्या नाकात वेसन. बैल तुमच्या गोठ्यात, दोरी त्याच्या हातात." आणि दुसरं एक म्हणायचे, की गावात जो पहिला घाबरून विकतो तो साऱ्या गावाचा भाव पाडतो. दुसरा विकतो तो पहिल्याचं पाहून. तिसऱ्याला तर कारणही लागत नाही.

म्हणून त्यांचा एक नियम होता. सौदा जुळत आला आणि विकणारा त्यांना अस्वस्थ दिसला, की ते उठत, धोतर झटकत आणि म्हणत, "मंडईनंतर बोलू." त्या गावची मंडई होऊन जाईपर्यंत मग भाऊ त्या सौद्याला हात लावत नसत. चिडून लोक दुसऱ्या दलालाकडे जात. जाताना भाऊ त्यांना एक प्रश्न विचारून ठेवत: "हे बांधी इकली तं मंडईले पाहुन्याच्या ताटात भात कोन्या बांधीतला वाढशीन?" बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं बांध घातलेलं शेत. काहींकडे उत्तर असायचं. दुसरी जमीन असायची, शहरात बस्तान असायचं, पोरीला शिकवायचं असायचं. त्यांचे सौदे भाऊ मन लावून करून देत. ज्यांच्याकडे उत्तर नसे त्यातले निम्मे न विकताच घरी परत जात.

"पण मंडईच का?" मी एकदा विचारलं. "पंचांग बघायचं, मुहूर्त काढायचा."

"मंडईले घर भरते बाई. बहीन येते, भाऊ येते, भांडनारा काका येते. भेवात मानूस एकटा असते तवाच इकते. घर भरलं का भेव जाते."

हे ते पुस्तकातून बोलत नव्हते. त्यांच्या वडिलांचं गाव नदीपलीकडे होतं. कसल्याशा दंग्याच्या अफवेनं वडिलांनी आठवड्यात जमीन फुंकली आणि बायको-पोरांना घेऊन वडशाला खोली केली. दंगा झालाच नाही. भाऊ भाड्याच्या खोल्यांत वाढले. दिवाळीनंतर सगळी आळी आपापल्या गावच्या मंडईला निघून जायची, आणि हे एकटे गल्लीत उरायचे. "मले कोनाच्याच गावचं बलावनं नसे," भाऊ म्हणाले. "मंग म्हनलं, नाटकात शिरलं का सगळ्याच मंडया आपल्या." हे सांगताना ते हसत होते. मला हसू आलं नाही.

मग कोसमटोल्याचं वर्ष आलं.

कोसमटोला वडशापासून पूर्वेला, जंगल सुरू होतं तिथं. गावाला मालगुजारीच्या काळातला जुना तलाव आहे आणि तलावाच्या पाळीला लागून पहिली बांधी सायत्राबाईची. तलावाचं पाणी आधी तिच्या बांधीत उतरतं आणि तिथून एकीतून दुसरीत करत साऱ्या गावाला जातं. ती बांधी परक्याच्या हातात जाऊन त्यानं कुंपण घातलं, तर सगळ्या गावाचं पाणी त्याच्या मर्जीवर. हे दिलीपला कळत होतं. त्याच्या नागपूरच्या मालकांनाही कळत होतं.

त्या वर्षी पलीकडच्या जंगलात गोळीबार झाला. पुढं दिवसा चौकीवरचे येऊन विचारायचे, रात्री कोण आलं होतं? आणि रात्री जंगलातले येऊन विचारायचे, दिवसा कोण आलं होतं? उत्तर काहीही दिलं तरी चुकायचं. घरांना कुलपं लागायला लागली. सायत्राबाईचा नवरा आधीच वारलेला, दीर बिऱ्हाड घेऊन नागपूरला गेला, घरात ती आणि सासू. अशात दिलीप तिला घेऊन माझ्या टेबलाशी आला. इसारचिठ्ठी लिहायची होती. भाव ऐकून माझंच तोंड कडू झालं. चांगल्या वर्षी त्या भावात तिच्या बांधीचा कोपरा आला नसता.

भाऊंनी खुर्ची उचलली आणि सायत्राबाईच्या खांद्यामागे आणून ठेवली. "बाई, मंडईले पाहुन्याच्या ताटात भात कोन्या बांधीतला वाढशीन?"

ती मान खाली घालून म्हणाली, "पाहुनेच नाई येनार भाऊ यंदा. मंडईच नाई आमची. रातीले कोन येते आता आमच्या गावाले?"

दिलीप हसला. "भाऊ, तुमचा नियम संपला. सूर्य मावळल्यावर त्या गावात कुत्रं बाहेर पडत नाही. नाटक कोण पाहणार?"

भाऊंनी खडीसाखर या गालातून त्या गालात सरकवली. "दिवसा करू," म्हणाले.

सगळी टेबलं हसली. मीही हसले. दिवसा नाटक म्हणजे दिवसा दिवाळी! पण भाऊ हसत नव्हते. ते दिलीपला म्हणाले, "मंडई झाली तं तू हा सौदा सोडजो. नाई झाली तं त्याच दिवशी गावातच इसार दे. मी मंधात येनार नाई." दिलीपनं टाळी दिली. त्याला हा सौदा खिशात पडल्यासारखाच वाटत होता.

त्यानंतर भाऊ कडुनिंबाखाली दिसेनात. कंपनीच्या मालकानं त्यांना आधी वेड्यात काढलं, कारण उन्हात रंग उघडा पडतो, विंगेतली माणसं दिसतात, नाटकाची शोभा जाते. भाऊंनी त्याला पूर्ण हंगाम बिनपैशानं प्रॉम्प्टिंग करायचा शब्द दिला. मग जुनी लुना घेऊन ते कोसमटोल्याच्या नातेवाइकांची गावं पालथी घालत सुटले. "तुमच्या भाचीच्या गावची मंडई हाये. दिवसा. सांज व्हायच्या आंधी घरी." चौकीवर जाऊन सांगून आले. जंगलातही निरोप पोचला असणारच. कसा, ते आमच्याकडे विचारत नाहीत.

मंडईच्या दिवशी मी गेले होते ती दिलीपबरोबर. नाटक बघायला नाही, इसारचिठ्ठी लिहायला. बॅगेत स्टॅम्पपेपर तयार होता. मंच सायत्राबाईच्याच बांधीत उभा केला होता. धान निघालेलं होतं, ताज्या धसकटांतून लाखोळीच्या डाळीची हिरवी पालवी वर येत होती, आणि त्यात बांबू रोवून पडदे टांगलेले. भाऊ पडद्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. उन्हात ते साऱ्यांना स्वच्छ दिसत होते. मंचापुढे मात्र चिटपाखरू नाही. दिलीप पांढरे बूट घालून पाळीवर उभा राहून घड्याळ बघत होता.

ऊन चढलं तेव्हा पहिला टेम्पो आला. त्यातून एक म्हातारी, दोन सुना, एक जावई आणि वड्यांचा डबा उतरला. ते एका कुलूप लागलेल्या घरासमोर जाऊन उभे राहिले. घरमालक त्यांच्याच टेम्पोत होता. त्यानं कुलूप काढलं. थोड्या वेळानं त्या घरातून धूर निघाला. मी पाळीवरून बघत होते. एका घराचा धूर दिसल्यावर शेजारच्या घराचा निघाला, मग पलीकडच्या. जसं एकाचं बघून दुसरा विकतो, तशीच एकाचं बघून दुसऱ्यानं चूल पेटवली. दुपारपर्यंत बैलबंड्या, ऑटो, मोटरसायकली यांनी रस्ता भरून गेला. सायत्राबाईची नणंद आली आणि आल्याआल्या सुरू झाली, "बांधी इकनार हायस म्हनं! मले इचारलं?" इतकं गोड भांडण मी फार कमी ऐकलं आहे.

प्रेक्षक आले, पण हिरो आला नाही. जंगलातल्या रस्त्यानं यायला तो घाबरला. कंपनीच्या मालकानं कपाळाला हात लावला. नाटक नाही म्हणजे मंडई नाही, मंडई नाही म्हणजे इसार. दिलीपनं माझ्याकडे बघून बॅग उघडायची खूण केली.

तेवढ्यात विंगेतून भाऊंनी हाक मारली, "दिलीप, चढ."

"मी?" दिलीप बिचकला. "मला एक संवाद आठवत नाही."

"मी आहो ना."

पाळीवरच्या म्हाताऱ्या बाया वळून बघायला लागल्या. एक म्हणाली, "हा तं आपला दिलीप हिरो हाय!" कुणीतरी शिट्टी मारली. आता, नटाला शिट्टी ऐकू आल्यावर तो पाळीवर उभा राहू शकेल का? दिलीपनं पांढरे बूट काढले, माझ्या हातात दिले, आणि चढला.

ते नाटक मी जन्मात विसरणार नाही. खलनायकाच्या मिशा घामानं ओघळून ओठांवर आल्या. हिरोईनचा पावडरीचा गळा आणि उघडा हात वेगवेगळ्या बायांचे वाटत होते. आणि भाऊ सगळ्यांसमोर बसून एकेक वाक्य देत होते, दिलीप ते घेत होता. पोरं आधी खिदळली, मग तीही गुंगली. शेवटच्या अंकात परदेशी गेलेला थोरला भाऊ घरी परततो आणि सावकाराला अडवतो. दिलीप हात वर करून उभा राहिला. भाऊंनी वाक्य दिलं. दिलीप थांबला. मी त्याचं नाटकी थांबणं ओळखते, हे तसलं नव्हतं. समोर जमिनीवर सासूला धरून सायत्राबाई बसली होती आणि तो तिच्याकडे बघत होता. भाऊंनी वाक्य पुन्हा दिलं. या वेळी पहिल्या रांगेलाच काय, पाळीवर मलाही ऐकू गेलं.

"या बांधीचं एक ढेकूळसुद्धा परक्याच्या हाती जाणार नाही!" दिलीप गरजला.

अशा टाळ्या त्याला तरुणपणीही मिळाल्या नसतील. सायत्राबाईच्या सासूनं त्याची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली. अर्धा रंग पुसलेला दिलीप मंचामागे आला, बूट घेतले, आणि शुद्ध मराठी विसरून म्हणाला, "बॅग बंद करा बाई. फसवलं मले म्हाताऱ्यानं."

"मी काई नाई केलं जी," भाऊ म्हणाले. "गडी अटकला, मी देल्लं."

निघायच्या आत सायत्राबाईनं भाऊंना धरून घरात नेलं आणि जेवू घातलं. भात त्याच बांधीतला. "दरसाल यायचं भाऊ," तिनं बजावलं. "आमच्या घरचं बलावनं समजा." वडशात हे भाऊंनी मला तीनदा सांगितलं. आता भाऊंना एक गाव झालं होतं.

त्या हंगामात कोसमटोल्यात कुणीही जमीन विकली नाही.

काळ फिरला. जंगल शांत झालं, रस्ता रुंद झाला, आणि एका सरकारानं जाहीर करून टाकलं की नवा जिल्हा होणार, आणि त्याची कचेरी कोसमटोल्याच्या वाटेवर येणार. मग काय! धानाच्या बांध्यांत रंगीत खुंट्या रोवल्या गेल्या, प्लॉटचे फलक लागले, पानटपरीवाला एकराचा भाव सांगू लागला. भीतीत जशी माणसं एकमेकांचं बघून विकत होती, तशी आता एकमेकांचं बघून घेत होती. भाऊ इथंही "मंडईनंतर बोलू" म्हणत. तेव्हा त्यांना लोक शहाणे म्हणत होते, आता नशिबावर बसलेला नाग म्हणायला लागले. भाऊंनी नियम सोडला नाही. थकले मात्र होते. घसा बसला होता, प्रॉम्प्टिंग सुटलं होतं. सकाळी पेपर वाचत आणि पुटपुटत, "हे सरकार टिकत नाई बाई. दुसऱ्या अंकाचा शेवट चालू हाये."

अशा दिवसांत दिलीप पुन्हा सायत्राबाईच्या दारी गेला. या वेळी इसार नव्हे, पुरी खरेदी, आणि भाव असा की सांगताना त्याचाच आवाज कापला. कागद बघायला मला नेलं होतं, भाऊ आपणहून आले होते. भाऊंनी अंगणातली खुर्ची उचलून सायत्राबाईच्या उजव्या खांद्यामागे ठेवली. मला पुढचं पाठ होतं. ते विचारणार, ती गप्प बसणार, आपण चहा पिऊन परत.

सायत्राबाई बांधीकडे बघत राहिली. मग मागून तो हळू, बसका आवाज आला.

"हो म्हन."

माझा कानावर विश्वास बसेना. दिलीपचाही बसला नसावा. नटानं प्रॉम्प्टरकडे बघायचं नसतं, पण सायत्राबाई सावकाश मागं वळली आणि तिनं भाऊंकडे बघितलं.

"भाऊ," ती म्हणाली, "यंदाच्या मंडईले तुमच्या ताटात भात कोन्या बांधीतला वाढू?"

भाऊंचे ओठसुद्धा हलले नाहीत. मी त्यांना इतकं स्थिर कधी पाहिलं नव्हतं.

ती पुढं वळली. "दिलीपभाऊ, मंडईनंतर या."

परतताना वडशाचं रेल्वे फाटक बंद होतं, तिथं ऑटो थांबला तेव्हा भाऊ म्हणाले, "मीच भेलो बाई."

"कशाला?"

"सरकार पडन, भाव पडन, मीबी जाईन, मंग हिले कोन सांगन? असं वाटून राह्यलं होतं. मी भेवातच हो म्हनलो." मालगाडी गेली, फाटक उघडलं. "अन् थे नाई भेली."

सरकार मंडईच्या आधीच पडलं. नव्या सरकारानं कचेरी दुसरीकडे नेली, मग तिथूनही काढली. आता ती कुठंच नाही, खुंट्या तेवढ्या आहेत, धान लावताना बायका त्यांना वळसा घालून जातात. दिलीपचा फोन लागेना. मी भाऊंना चिडवलं, "बघा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. तेव्हा विकली असती तर सायत्राबाईनं वडशात माडी बांधली असती." भाऊ म्हणाले, "अंदाज खरा होता बाई. पन मी देल्लं थे तिचं वाक्य नव्हतं."

त्या सालची कोसमटोल्याची मंडई भाऊंची शेवटची. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. कोसमटोल्याचं नाटक अजूनही दुपारीच होतं. भीती गेली, पण दुपार राहिली. बाजूची गावं हसतात, यांना काही फरक पडत नाही.

त्या शेवटच्या मंडईला सायत्राबाईच्या ओसरीवर पंगत बसत होती. भाऊंनी सवयीनं आपला पाट उचलला आणि तिच्या नणंदेच्या नवऱ्याच्या खांद्यामागे न्यायला लागले. सायत्राबाईनं तो हातातून काढून घेतला आणि पंगतीच्या बरोब्बर मध्ये मांडला.

"समोर बसा भाऊ. आज तुमी पाहुने."

भाऊ बसले. साऱ्यांच्या समोर, उन्हाच्या तिरिपेत, जरा अवघडून. तिनं पहिलं ताट त्यांना वाढलं. वाफाळता भात, त्यावर लाखोळीचं वरण, बाजूला वडे. पलीकडे बांधीत नाटक सुरू झालं होतं आणि कुणीतरी नवशिका नट वाक्यात अडकला होता. सगळी पंगत क्षणभर थांबून भाऊंकडे बघायला लागली.

भाऊंचे ओठ हलत होते. पण तोंडात घास होता, आणि ते जेवत राहिले.